पुढच्या दाराखालची पायरी

मित्रांनो, उंच मोटारीच्या दाराखाली एक लांब, सपाट पट्टी असते. तिच्यावर पाय ठेवून माणसे आत चढतात. ती पट्टी म्हणजे मी. दुकानदार मला साइड स्टेप म्हणतो, मिस्त्री फूटस्टेप म्हणतो आणि ज्या घरात मी राहते तिथे मला सरळ ‘पायरी’ म्हणतात. मी ॲल्युमिनियमची आहे, जुनी आहे आणि पोटाखालून चांगलीच खरवडलेली आहे. ठेच लागल्याशिवाय माणूस पायाखाली बघत नाही, त्यामुळे माझ्याकडेही सहसा कुणी बघत नाही. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर मनातले सगळे सांगून टाकते.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमचा जाड ओंडका भट्टीत तापवून मऊ करतात आणि साच्याच्या फटीतून दाबून बाहेर काढतात. टूथपेस्ट नळीतून येते, तशी मी बाहेर आले. एकाच लांब पट्टीचे दोन तुकडे झाले. एक मी आणि दुसरी माझी जुळी बहीण. आम्हांला पुन्हा तापवून टणक केले, करडा रंग दिला, पाठीवर बारीक गोल दाण्यांचे काळे रबर बसवले आणि एकाच खोक्यात समोरासमोर तोंड करून निजवले. मध्ये फक्त फोमचा एक पातळ तुकडा. तशा आम्ही सात महिने दुकानाच्या फळीवर होतो. तुम्ही म्हणाल, बंद खोक्यात कसले आले सुख? पण माझ्या आयुष्यातले सोबतीचे दिवस तेवढेच. नंतर एक जण गाडीच्या या अंगाला आणि दुसरी त्या अंगाला. मी तिला पुन्हा पाहिलेले नाही. खराब रस्त्यावर तिचा खडखडाट ऐकू येतो, त्यावरून ती आहे एवढे कळते.

एके दिवशी दुकानात एक नवरा-बायको आले. नवरा चाळिशीचा, चांगला ताडमाड. पण आई हयात असेपर्यंत माणूस मुलगाच असतो, म्हणून मी त्याला मुलगाच म्हणते, आणि त्याची बायको ती सून. त्यांची आधीची गाडी बुटकी होती. आई दार उघडून तीत आरामात बसायची आणि दर महिन्याला चार तासांवरच्या गावी आपल्या थोरल्या बहिणीला भेटून यायची. मग मुलाने हौसेने ही नवी उंच गाडी घेतली. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. तिला चढता येईना, तेव्हा पहिल्या दिवशी मुलाने आणि शेजाऱ्याने काखेत हात घालून तिला उचलून आत बसवले. उतरल्यावर ती म्हणाली होती, “मी काय गॅसचा सिलिंडर आहे, दोघांनी उचलून ठेवायला? पुन्हा नाही बाई.” त्यानंतर ती गाडीत बसली नव्हती.

सुनेने हे सगळे दुकानदाराला नीट समजावून सांगितले. त्याने ऐकले किती, कोण जाणे. त्याने आधी छतावर सामान बांधायचा कठडा दाखवला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! मग एक चकचकीत गोल नळीची पायरी काढली.

“ही घ्या. गाडीला काय रुबाब येतो बघा.”

सुनेने तिच्यावर पाऊल ठेवून पाहिले. “गोल आहे हो. ओल्या चपलेनं सटकेल की.”

मग लोखंडी रुंद पायरी आली. ती दोघांनी मिळून उचलावी लागली आणि तिच्या कडेला आताच गंजाचे ठिपके पडले होते. तिसरी फार मिजासखोर होती. दार उघडले की ती आपोआप बाहेर यायची आणि बंद केले की आत जायची. मुलगा तिच्यावर अगदी खूश झाला. तेवढ्यात कोपऱ्यात पाने-पकडी पुसत बसलेला मिस्त्री म्हणाला, “चिखल बसला ना साहेब, की ती आपोआप आतच राहते.”

हा मिस्त्री साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आमचे खोके उघडले आणि माझ्यावर बोटाने टकटक केली. “ही घ्या. हलकी आहे, गंजत नाही, पाऊल पूर्ण बसतं.” माझ्याबद्दल कुणी एवढे चांगले बोलले ते पहिल्यांदाच. मी तर हुरळूनच गेले.

“चढणार कोण हिच्यावर?” मिस्त्रीने विचारले.

“आई.”

“मग त्यांना आणा की. माप त्यांच्या पायाचं हवं.”

“छे, तिला सांगितलंच नाहीये. सरप्राइज आहे.” मुलाने मला गाडीच्या अंगाशी धरून आपला पाय शेजारी लावला. “हे बघा, माझ्या गुडघ्याच्या किती खाली येतंय. आईला सहज जमेल.”

“अहो, तुमचे पाय म्हणजे बांबू,” सून म्हणाली. “आईंचं तसं आहे का?”

“मोजलंय मी सगळं.”

चढणार आई आणि माप मुलाच्या गुडघ्याचे. पण हौसेपुढे कोण बोलणार?

मिस्त्री गाडीखाली पाठीवर झोपला. बॉडीखालच्या भोकांची रबरी बुचे काढून त्याने आम्हां प्रत्येकीसाठी तीन-तीन लोखंडी ब्रॅकेट, म्हणजे आम्हांला तोलून धरणारे हात, लावले. माझ्यात आणि लोखंडात रबराची चकती घातली. सगळे बोल्ट आधी नुसते हाताने फिरवले, मला सरळ रेषेत आणले आणि मगच पान्याने आवळले. काम त्याने चोख केले. ब्रॅकेटला भोकांच्या दोन ओळी होत्या, एक वरची आणि एक चार बोटे खालची. त्याचा हात खालच्या ओळीकडे गेला होता. पण दुकानदार गल्ल्यावरून ओरडला, “वरच बसव रे! खाली बसवली की घासते आणि गिऱ्हाईक भांडायला येतं.” मिस्त्रीने हात मागे घेतला आणि मला वरच्या भोकांत बसवून तो मोकळा झाला. चार बोटे म्हणजे काय मोठेसे, असे तुम्हांला वाटेल. मलाही तेव्हा तसेच वाटले.

घरी अंगणात सगळे जमले. नातीने, म्हणजे मुलाच्या नऊ वर्षांच्या लेकीने, आजीचे डोळे मागून झाकून तिला माझ्यासमोर आणून उभे केले. मला पाहून आईचा चेहरा असा उजळला, की मी मनात म्हटले, चला, आता आपल्याला आपले माणूस मिळाले. तिने दाराची चौकट धरली आणि उजवे पाऊल माझ्यावर ठेवले. पाऊल आले, पण वजन आले नाही. मित्रांनो, पायरीला माणूस वजनावरून कळतो. तिचा गुडघा थरथरला आणि पाऊल परत जमिनीवर गेले.

मुलगा मोठ्या आशेने बघत होता. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिले.

“छान आहे रे. जमतंय की,” ती म्हणाली आणि लगेच, “अगं बाई! गॅसवर दूध ठेवलंय मी,” असे म्हणत आत गेली.

नात तिच्यामागे धावत जाऊन परत आली. “बाबा, गॅसवर दूध नाहीच आहे.”

“मग उतरवलं असेल मी,” आतून आवाज आला.

त्या दिवसापासून आईला दर वेळी काहीतरी आडवे येऊ लागले. कधी डोके दुखे, कधी ऊन फार असे, कधी ‘तुम्ही तरुण माणसं जा, मी घर राखते’. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोराने एवढ्या हौसेने बसवले, त्याला नाही कसे म्हणायचे, हे एक. आणि खरे सांगितले तर पुन्हा दोघे मिळून उचलतील, हे दुसरे. बसच्या पायऱ्या तर माझ्याहून उंच. हळूहळू घरात ठरूनच गेले, की आईला आता बाहेर जायचा कंटाळा येतो. “वय झालं की होतं असं,” मुलगा सगळ्यांना सांगे.

या घराची एक रीत होती. चालकाशेजारची पुढची जागा आईची. जुन्या गाडीपासूनची ही रीत. आई नसली तरी सून तिथे बसत नसे. ती आणि नात मागे बसत आणि मुलगा पुढे एकटा. सिग्नलला लोक त्याला ड्रायव्हर समजत. एकदा तर एका बाईने काच ठोकून विचारले, “स्टेशनला येणार का?”

सून चढायची मागच्या दाराने, माझ्याच बाजूने. नात तर माझ्यावर उड्या मारायची, दप्तर आपटायची. त्यामुळे मागच्या दाराखालचा माझा अर्धा भाग रोज गजबजलेला असे. पुढच्या दाराखालच्या अर्ध्या भागावर मात्र कुणी येत नसे. धूळ बसायची, पाण्याने धुतली जायची, पुन्हा धूळ बसायची. एकाच अंगाच्या अर्ध्या भागाने वाट बघत राहायचे, हे फार वाईट असते. मला आई हवी होती. तिच्यासाठीच मला आणले होते ना!

दुपारी घर रिकामे झाले आणि गाडी दारात असली, की आई अंगणात गाडीच्या सावलीला खुर्ची टाकून बसे आणि बहिणीला फोन करी. तिला कमी ऐकू येई, म्हणून फोनचा स्पीकर चालू असे. “ताई, जेवलीस का?” इथून सुरुवात होई. पहिल्या वर्षी दोघी अर्धा-अर्धा तास बोलत, हसत, एकमेकींच्या दुखण्यांवर औषधे सांगत. दुसऱ्या वर्षी आई एकच गोष्ट तीन-तीनदा सांगू लागली, कारण पलीकडून तोच प्रश्न तीनदा येई. मग एके दुपारी फोन ताईच्या मुलीने उचलला.

“मावशी, आई हल्ली माणसं विसरतेय. काल शेजारच्या काकूंना ओळखलं नाही. तू तिला अजून आठवतेस. रोज विचारते, धाकटी कधी येणार म्हणून. पण आता फार दिवस काढू नकोस गं.”

“येते. येत्या रविवारी येतेच,” आई म्हणाली.

फोन तिने पदराने पुसून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “ती मला विसरायच्या आत एकदा भेटायलाच हवं.” अंगणात दुसरे कुणी नव्हते. ती माझ्याशीच बोलली असे मी धरून चालले.

मग ती उठली, आतून गाडीची चावी घेऊन आली आणि पुढचे दार उघडले. आधी उजवा पाय ठेवून पाहिला, मग डावा. मग तिने सीटचा पट्टा मनगटाला गुंडाळून जोर लावला. तिचे पाऊल माझ्यावर दाबले गेले, टाच उचलली गेली आणि मी म्हटले, आता! पण गुडघ्याने दगा दिला आणि ती सीटला धडकून पुन्हा जमिनीवर उभी राहिली. तिच्या तोंडून ‘आई गं’ निघाले. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या तोंडी ते ऐकून माझ्या जिवाचे पाणी झाले. तिने दार आवाज न करता लावले. मग एक ओले फडके आणले आणि कंबरेत वाकून माझ्यावर उमटलेला तिच्या चपलेचा ठसा पुसून टाकला. कुणाला कळू नये म्हणून.

रविवारी ताईकडे जायचे ठरले होते, पण ती मुलाला म्हणाली, “आज अंग कसकसतंय रे. नंतर बघू.” आणि मुलगाही म्हणाला, “बरं, नंतर जाऊ.”

हे फक्त मला ठाऊक होते. मला ओरडून सांगावेसे वाटे, अरे, चार बोटे! मला फक्त चार बोटे खाली घे! पण मला कुठली वाचा? आई घरात एकटी, मी दारात एकटी, आणि दोघींच्या मध्ये एवढीशी गोष्ट कुणी बोलायची बाकी होती. असे आठ महिने गेले.

मग माझा एक बोल्ट सैल झाला आणि मी खडखडू लागले. “काय कटकट आहे,” असे म्हणून मुलगा मला त्याच दुकानात घेऊन गेला. मिस्त्रीने बोल्ट आवळला. उठताना त्याने सवयीने माझ्या रबरावरून अंगठा फिरवला. आधी मागे, मग पुढे. मग पुन्हा मागे.

“साहेब, पुढं कोण बसतं?”

“आई.”

“नाही बसत.”

“म्हणजे?”

“हे मागचं रबर बघा. दाणे पार सपाट झालेत. आणि हे पुढचं. दोन वर्षं झाली, पण दाण्यांच्या कडा अजून बोटाला लागतात. इथं पाय देऊन कुणी चढलेलंच नाही.”

“तिला हल्ली बाहेर जायचा कंटाळा येतो,” मुलगा म्हणाला.

“हल्ली म्हणजे कधीपासून?”

मुलगा खाली वाकला. तो माझ्याकडे बघत होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने मला नीट पाहिले. सुनेने हेच त्याला पहिल्या दिवशी सांगितले होते, पण घरच्या माणसाचे कोण ऐकतो? कान सोनारानेच टोचावे लागतात.

“त्यांना घेऊन या. नीट माप घेऊन बसवतो,” मिस्त्री म्हणाला.

“कशी आणू? गाडीत चढता येत नाही म्हणून तर…”

“खरंच की.” मिस्त्री कसनुसा हसला. “मग मीच येतो. चूक माझीही आहे. तेव्हा एकदा बोललो आणि गप्प बसलो.”

शनिवारी तो स्कूटरवरून आला. पिशवीत पाने, लांब ब्रॅकेट आणि बोटभर जाडीच्या लाकडी फळ्या. त्याने आईला खुर्चीचा आधार देऊन उभे केले आणि फळ्या एकावर एक रचायला लागला.

“काकू, पाय ठेवा आणि वजन टाका. जमतंय?”

“जमतंय.”

त्याने आणखी एक फळी ठेवली. “आता?”

“जमतंय की.”

आणखी एक ठेवली. आईचे ओठ पांढरे पडले. “जमतंय.”

“काकू, तोंडानं सांगू नका, गुडघ्यानं सांगा,” मिस्त्री म्हणाला आणि त्याने एकेक फळी काढायला सुरुवात केली. आईचा चेहरा जिथे सैल झाला, तिथे तो थांबला. चार बोटांनी भागणार नव्हते. दोन वर्षांत गुडघे आणखी झिजले होते. आता मला सहा बोटे खाली यायला हवे होते.

“एवढी खाली घेतली, तर गतिरोधकावर घासणार बरं का ही,” तो मुलाला म्हणाला.

“घासू दे.”

मला कुणी विचारले नाही, पण विचारले असते तरी मी हेच सांगितले असते. माझी बहीण पलीकडे वरच राहिली. आता आम्ही दोघी एका पातळीतही नाही. संध्याकाळी आईने चौकट धरली, पाऊल माझ्यावर ठेवले आणि या वेळी वजन आले. सगळे वजन, निर्धास्त. मग दुसरे पाऊल आले आणि ती आपली आपण आत जाऊन बसली. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले, त्यासाठी मी जन्माला आले होते. मुलाने हळूच दार लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. पुढची जागा भरलेली होती. वाटेत अकरा गतिरोधकांवर माझे पोट घासले आणि मी हूं की चूं केले नाही.

फाटकातून ताईचा व्हरांडा दिसत होता. ताई खुर्चीवर बसली होती, केस विंचरलेले, हात मांडीवर. आई कुणाच्याही मदतीशिवाय माझ्यावरून खाली उतरली आणि जवळजवळ धावतच तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“ताई, आले गं मी.”

ताईने मान वर करून बराच वेळ पाहिले. “बसा ना,” ती आदराने म्हणाली. “लांबून आलात? कुणाकडे आलात?”

ताईच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. आईने पदर सावरला. मग समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “तुमच्याकडेच आले.” दिवसभर ती पाहुणीसारखी तिथे बसून राहिली.

निघायच्या वेळी ताई काठी टेकत फाटकापर्यंत पोचवायला आली. मुलगा दार उघडून उभा होता. आईने पाऊल माझ्यावर ठेवले, तशी ताईने पुढे होऊन तिचा दंड धरला.

“सावकाश हं. गुडघे दुखतात वाटतं तुमचे? माझ्या धाकट्या बहिणीचे फार दुखतात. तिच्या मुलानं मोठी गाडी घेतलीय, तिला त्यात चढताच येत नाही. म्हणून येत नाही ती. नाहीतर आली असती.” मग तिने आवाज बारीक केला. “कुणाला सांगू नका. तिनं मला शपथ घातलीय. मुलाला कळलं तर वाईट वाटेल म्हणते.”

मला वाटत होते, हे फक्त मला ठाऊक आहे. घरातून केलेले फोन मला कुठून ऐकू येणार? मुलगा माझ्यापासून दोन हातांवर दाराला धरून उभा होता आणि त्याने सगळे ऐकले होते.

“नाही सांगणार,” आई म्हणाली. तिचे पूर्ण वजन तेव्हा माझ्यावर होते आणि ती कितीतरी वेळ वर चढली नाही.

आता आम्ही दर महिन्याला तिथे जातो. ताई दर वेळी विचारते, कुणाकडे आलात. माझा रंग उडाला आहे, पोटाला खोल ओरखडे पडले आहेत आणि पुढच्या रबराचे दाणे झिजू लागले आहेत. त्याचे मला काही नाही. पण ते आठ महिने मला विसरता येत नाहीत. मित्रांनो, आपल्या माणसांसाठी हौसेने जरूर काही आणा, पण त्यांच्या मापाने आणा. आणि एखादे माणूस वारंवार ‘नको, तुम्ही जा’ म्हणू लागले, तर शेजारी बसून त्याला खरे कारण विचारा. मला बोलता येत नव्हते. तुम्हांला येते.